पंडिता रमाबाई : मेंढपाळाच्या प्रतिमेचा जीवनार्थ

पंडिता रमाबाईंचे चरित्र बहुधा स्त्रीसुधारणा आणि धर्मांतर या दोन सूत्रांभोवती गुंफले जाते. त्यांच्या श्रद्धेला आधार देणाऱ्या प्रतिमांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. ख्रिस्ती भक्तीत दिलाशाची सर्वांत परिचित प्रतिमा मेंढपाळाची होय. ज्याचा सांभाळ हा मेंढपाळ करतो त्याला काही उणे पडत नाही, असा तेविसाव्या स्तोत्राचा आशय आहे. परंतु जिचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले, तिला या प्रतिमेत दिलासा कसा लाभावा? हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्याला धरूनच विचारावयास हवा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. पत्नीला संस्कृत शिकविणारे अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. पुढे हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. पुराणकथन हेच त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. आईकडून शिकलेल्या रमाबाईंना भागवत मुखोद्गत होते. गाई राखणाऱ्या देवाची मूर्ती अशा रीतीने बालपणापासून त्यांच्या मनात वसलेली होती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अल्पावधीत अंत झाला. उरलेली दोन भावंडे अर्धपोटी, अनवाणी देशभर हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी यांचेही निधन झाले. मांडीवर मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी ममतेने सांभाळतात, हे त्यांनी फुलहॅम येथे पाहिले होते. शोमरोनी स्त्रीची कथाही त्यांच्या मनाला भिडली. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून निघणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. रमाबाईंच्या पुढील कार्याचा कल पाहता त्यांच्या श्रद्धेची जवळीक हिरव्या कुरणातील निवांत मेंढपाळापेक्षा या शोधत फिरणाऱ्या मेंढपाळाशी अधिक होती, असे अनुमान करता येते.

या प्रतिमेची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली जाऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. एका समाजाला जो शोधकर्ता वाटतो, तोच दुसऱ्या समाजाला आपला कळप फोडणारा वाटतो. हा आक्षेप केवळ पूर्वग्रहाचा म्हणून बाजूस सारता येत नाही, कारण ज्यांच्या मुली होत्या त्यांची भीती खरी होती. रमाबाईंनी मात्र आपल्या प्रार्थनेचे दार बंद केले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी स्त्रिया व मुली यांच्या वार्ता येताच त्यांना स्वतःचे उपासाचे दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. तेथून आणलेल्यांना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना. तेव्हा त्यांनी केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली. यहेज्केलाच्या ग्रंथात स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांचा कठोर निषेध आहे आणि देव स्वतः विखुरलेल्यांना शोधील असे आश्वासन आहे. केडगावात या आश्वासनाला धान्य, विहीर, माग आणि छापखाना असे व्यावहारिक रूप मिळाले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही ते कळावे, म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर भाषा टाळली. संस्कृत पांडित्यासाठी गौरविल्या गेलेल्या विदुषीने केलेला हा त्याग मराठी गद्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावयास हवा. मेंढपाळाचे स्तोत्रही अशा रीतीने त्यांच्या हातून मराठीत उतरले. मेंढरे घेऊन पाण्याच्या शोधात रानोमाळ चालणारा धनगर ज्या मुलुखाने पाहिलेला आहे, त्या मुलुखात या स्तोत्रातील पाणी आणि चारा केवळ अलंकार राहत नाहीत.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. कार्याचा वारसा जिच्याकडे जावयाचा, तीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापलेले हे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

उणे पडणार नाही, या आश्वासनाचा अर्थ रमाबाईंच्या लेखी दुःख येणारच नाही असा असू शकत नव्हता. त्यांचे आयुष्यच त्याविरुद्ध साक्ष देते. स्तोत्रातही मृत्यूच्या छायेची दरी गाळलेली नाही. त्या दरीत सोबत असते, एवढेच तेथे सांगितले आहे. भुकेल्या मुलींना ती सोबत प्रत्यक्ष देण्यातच रमाबाईंना स्वतःचा दिलासा सापडला, असे त्यांच्या चरित्रावरून म्हणता येईल.