ग्लासगोचे डॉ. बीटसन

ग्लासगोकडच्या आपल्या मंडळींना ‘बीटसन’ म्हटलं की गार्टनेव्हलचं कॅन्सर हॉस्पिटल आठवतं. पण ज्यांचं नाव त्याला दिलंय ते सर जॉर्ज थॉमस बीटसन कोण होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यांचा जन्म १८४८ चा, सिलोनमधल्या त्रिंकोमालीचा. वडील सैन्यात डॉक्टर. केंब्रिजला पदवी, एडिंबराला डॉक्टरी आणि मग प्रख्यात सर्जन लिस्टर यांच्या हाताखाली उमेदवारी. १८७८ मध्ये एम.डी.च्या प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो स्तनात दूध कसं तयार होतं याचा. काही देशांतले शेतकरी व्यालेल्या गाईचे बीजांडकोश, म्हणजे ओव्हरीज, काढून टाकतात आणि मग ती जास्त दिवस दूध देते, हे त्यांना समजलं. म्हणजे स्तनाला हुकूम दुसरीकडूनच येतो तर! मग स्तनाच्या कॅन्सरलाही तो येत असेल का?

१८९५ मध्ये ३३ वर्षांची एक बाई त्यांच्याकडे आली. ऑपरेशननंतर कॅन्सर पुन्हा छातीवर पसरलेला, दुसरा इलाज उरलेला नाही. हा उपाय नवा आहे, खात्री नाही, हे तिला आणि नवऱ्याला स्पष्ट सांगून, त्यांच्या संमतीने बीटसननी तिचे बीजांडकोश काढले. आठ महिन्यांत गाठी दिसेनाशा झाल्या. पुढे आजार उलटला खरा, पण ती जवळजवळ चार वर्षं जगली. १८९६ मध्ये त्यांनी हे सारं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं.

इतरांनीही हे ऑपरेशन करून पाहिलं, पण गुण यायचा साधारण तिघींपैकी एकीलाच. असं का, हे कळायला अर्धं शतक लागलं. बीजांडकोशातून निघणारं इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडे फिरतं, पण ऐकतात त्याच पेशी, ज्यांच्यात त्याचा रिसेप्टर असतो. किल्ली एकच, पण कुलूप प्रत्येक दाराला नसतं. किल्ली बसली की पेशीतली जनुकं जागी होतात, स्तनाच्या पेशी वाढतात, हाडं मजबूत राहतात. म्हणूनच पाळी गेल्यावर, इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात.

बीटसन १९३३ मध्ये गेले. १९६० च्या दशकात चेशरमध्ये आय.सी.आय.च्या प्रयोगशाळेत टॅमॉक्सिफेन तयार झालं आणि १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमधून त्याचे पहिले निष्कर्ष आले. हे औषध स्तनात त्या कुलपात अडकून बसतं आणि किल्लीला जागाच देत नाही. गंमत म्हणजे पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांत मात्र तेच इस्ट्रोजेनसारखं वागतं!

आज गाठीचा तुकडा तपासताना रिसेप्टर आहे का हे आधी बघतात. बहुतेक गाठींत तो असतो, आणि तसा रिपोर्ट आला तर गोळ्यांचा मार्ग मोकळा असतो. तेव्हा घरात कुणावर वेळ आलीच, तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. आणि यंदा भाऊबीजेला पन्नाशी ओलांडलेल्या ताईला ओवाळणीबरोबर एवढंही सांगा: एन.एच.एस.चं स्क्रीनिंगचं पत्र आलं की बाजूला ठेवू नकोस.