अर्देशीर खरसेटजी वाडिया

मुंबईच्या गोदीचे नाव निघाले की वाडिया घराण्याचे नाव ओघानेच येते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या वंशजांनी शंभराहून अधिक वर्षे तेथे सागवानी जहाजे बांधली. ती जहाजे इतकी टिकाऊ असत की १८१७ साली पाण्यात लोटलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. अशा कुळात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर खरसेटजी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी गोदीत पाऊल टाकले. घरचा धंदा शिडांचा आणि सुतारकामाचा. मुलाचे मन मात्र वाफेच्या यंत्राकडे धावू लागले.

याच सुमारास गोदीत एक मोठी घटना घडली. १८२९ साली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईत बांधून तयार झाली आणि १८३० च्या मार्चमध्ये ती सुएझकडे निघाली. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती. एडन गाठण्यास मात्र अकरा दिवस लागणार होते. तेव्हा मिळेल त्या जागेत कोळसा भरण्यात आला. परिणाम असा झाला की बोट पाण्यात खोल बसली आणि तिच्या दोन्ही कडांची चाकेही वाजवीपेक्षा अधिक बुडाली. यंत्राची पुष्कळशी शक्ती नुसते पाणी ढवळण्यातच खर्ची पडली. बोट एडनला पोहोचली, पण कोळसा संपत आलेला होता. यंत्र उत्तम आणि बोटही उत्तम असून त्या दोहोंचा मेळ पाण्यावर बसला नाही तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अर्देशीर त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे यंत्र बनविले आणि त्याच्या जोरावर विहिरीचे पाणी चढवून कारंजे उडविले. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी साठ टनांची ‘इंडस’ ही बोट बांधून तीत वाफेचे यंत्र बसविले. दुसऱ्याच वर्षी माझगावच्या आपल्या बंगल्यात व बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावले, तेव्हा ते नवल पाहण्यास खुद्द गव्हर्नर येऊन गेले. असल्या चमत्कारांची वाहवा लवकर होते. मला मात्र ती साठ टनांची बोट अधिक मोलाची वाटते.

१८३९ साली अर्देशीर विलायतेस निघाले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. तो १८६९ मध्ये खुला झाला. त्यामुळे मिसर देश जमिनीवरून ओलांडावा लागे. या प्रवासाची दैनंदिनी त्यांनी पुढे छापून प्रसिद्ध केली. इंग्लंडात त्यांनी गोद्या आणि यंत्रांचे कारखाने पाहिले.

त्या वर्षांत इंग्लंडच्या जहाजविद्येत मोठी उलथापालथ चालू होती. आगबोटीच्या कडांची चाके काढून टाकून तिच्या मागे पाण्याखाली फिरणारा स्क्रू बसवावा, असे फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी म्हणत होता. १८३७ साली लंडनच्या कालव्यात त्याने लहान बोटीला लाकडी स्क्रू लावून पाहिला. त्या स्क्रूला दोन पूर्ण आटे होते. चालता चालता तो कशावर तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. आता बोट थांबणार असे वाटत असतानाच ती अधिक वेगाने धावू लागली! पाण्यातल्या पंख्याचा आकार किती असावा हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही, ते पाण्यालाच विचारावे लागते, हे त्या दिवशी उघड झाले. १८३९ मध्ये स्मिथच्या पद्धतीची ‘आर्किमिडीज’ ही मोठी बोट समुद्रावर उतरली. १८४५ साली इंग्रज आरमाराने स्क्रूची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ या दोन बोटी पाठीला पाठ लावून बांधल्या व एकमेकींना ओढावयास लावल्या, तेव्हा ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला मागे फरफटत नेले.

विद्यार्थिमित्रांनी येथे क्षणभर थांबून आपल्या मांडवीकडे किंवा मोरजी-हरमलच्या किनाऱ्याकडे पाहावे. कोकणीत आपण जिला व्हडी म्हणतो तिच्या मागे मोटर बसविलेली असते व मोटरीच्या टोकाला पंखा असतो. त्या पंख्याच्या तुंब्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले आढळतात. पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा आणि दुसरा पिचचा. पंखा लाकडात शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे घट्ट पदार्थात फिरला असता एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता, तितके त्याचे पिच. बारा इंच पिचचा पंखा मिनिटास अडीच हजार फेरे फिरला तर हिशेबाने अडीच हजार फूट जावा. पण पाणी निसटते, आणि त्यातील दहा ते वीस टक्के अंतर हातचे जाते.

पिच वाढविले की वेग वाढेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो नेहमी खरा ठरत नाही. सायकलवर चढाला जड गिअर घातला तर पाय भरून येतात. तसेच पिच फार झाले तर यंत्र दमते, त्याला नेमून दिलेले फेरे पुरे होत नाहीत आणि ते आतून झिजते. पिच फार कमी असेल तर यंत्र भरमसाट फिरते, तेल जळते आणि बोट रेंगाळते. म्हणून जाणती माणसे नेहमीइतकी माणसे व सामान घेऊन बोट पूर्ण वेगाने हाकतात आणि यंत्राचे फेरे मोजतात. ते कारखानदाराने सांगितलेल्या मर्यादेत बसले तर पंखा योग्य समजावा. फेरे कमी पडले तर कमी पिचचा पंखा घ्यावा. पिच एक इंचाने उतरले की फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी चढतात. बोट रिकामी हाकून केलेली परीक्षा मात्र फसवी असते. ‘ह्यू लिंडसे’ही कोळशाने भरेपर्यंत ठीकच होती.

पुन्हा अर्देशीरांकडे वळू. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, आणि तेही १९१८ साली. त्याच १८४१ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक केली. खरी कसोटी येथे होती. त्यांच्या हाताखाली सुमारे शंभर युरोपीय कारागीर काम करणार होते. गोऱ्या माणसाने काळ्या अधिकाऱ्याचा हुकूम ऐकावा, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या पचनी पडणारी नव्हती. मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने एतद्देशीय माणसाच्या कुवतीविषयी उघड शंका घेतली. अर्देशीरांनी वाद घातल्याचे दिसत नाही. सोळा वर्षे ते त्या जागेवर राहिले आणि १८५७ मध्ये निवृत्त झाले. एखाद्या आगबोटीचे यंत्र बिघडले असता ते दुरुस्त होऊन बोट बंदराबाहेर पडली की नाही, एवढेच पाहिले जाते. आणि तेथे मनुष्याचा वर्ण उपयोगी पडत नाही.

मधल्या काळात १८४९ साली ते पुन्हा विलायतेस गेले व अमेरिकाही पाहून आले. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. पूर्वजाचे नाव बोटीला द्यावे आणि तिचे यंत्र आपण करावे, यात त्यांना किती समाधान वाटले असेल याची कल्पना करता येते. शिवणयंत्र आणि छायाचित्रणाची कला मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना देतात.

निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. १८६१ मध्ये सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीत त्यांनी मुख्य अभियंत्याचे काम पत्करले. ज्या नदीचे नाव त्यांनी पंचविसाव्या वर्षी आपल्या पहिल्या बोटीला दिले, तिच्याच पाण्यावर उतारवयात त्यांना काम करावे लागले. सिंधूचे पात्र उथळ आणि दरवर्षी वाट बदलणारे. समुद्रावरची बोट तेथे चालत नाही.

१८६८ साली अर्देशीर लंडनजवळ टेम्स नदीकाठच्या रिचमंड गावी कायमचे राहावयास गेले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९६९ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. कोणाच्या घरी जुन्या तिकिटांचा संग्रह असेल तर त्यात ते सापडण्याचा संभव आहे.