पोलादी माइक

सप्टेंबर २००२. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात शवविच्छेदनाच्या टेबलावर एक देह आणला गेला. वय अवघे पन्नास, पण देह पार झिजून गेलेला. एकेकाळी साऱ्या शहराने ज्याला डोक्यावर घेतले होते, तो हा माइक वेबस्टर. मृत्यूचे कारण हृदयविकार. कागदोपत्री प्रकरण तिथेच संपले असते.

वेबस्टरचा जन्म १९५२ सालचा, विस्कॉन्सिन राज्यातला. बालपण बटाट्याच्या शेतावर गेले. कष्टांची सवय तिथलीच. अमेरिकन फुटबॉलचा आपल्या फुटबॉलशी नावापुरताच संबंध. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्याने अंगावर झेपावून अडवायचे, असा हा धसमुसळा खेळ. वेबस्टर त्यात ‘सेंटर’ होता. ओणवे होऊन चेंडू दोन पायांमधून मागच्या क्वार्टरबॅकच्या हाती द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून चाल करून येणाऱ्या दांडगटाला थोपवायचे, हे त्याचे काम. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि टाळ्याही चेंडू नेणाऱ्याला मिळतात. सेंटरच्या वाट्याला येते ती टक्कर, एका सामन्यात कित्येक वेळा आणि बहुधा डोक्यावरच.

सेंटर म्हणून त्याची शरीरयष्टी लहान, असे जाणकारांचे मत. म्हणून १९७४ च्या खेळाडू निवडीत पाचव्या फेरीपर्यंत कोणी त्याला विचारले नाही. अखेर पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला घेतले. पोलादाच्या कारखान्यांचे हे शहर आणि संघाचे नावही तसेच. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी मैदानात उतरणारा हा गडी तिथल्या कामगारांना आपलाच वाटला. लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणू लागले. टेरी ब्रॅडशॉसारख्या नामवंत क्वार्टरबॅकचा तो ढाल बनला. सहा वर्षांत संघाने चार वेळा सुपर बोल जिंकला. सलग १७७ सामने तो खेळला. दुखापतीसाठी सुट्टी घेणे त्याला ठाऊक नव्हते. पुढे कॅन्सस सिटीकडून दोन हंगाम खेळून १९९० च्या हंगामानंतर तो थांबला. एकूण सतरा वर्षे, २४५ सामने.

यानंतरची कहाणी वाचवत नाही. स्मरणशक्ती दगा देऊ लागली. व्यवहारात पैसा बुडाला, संसार मोडला. चार विजेतेपदांचा हा मानकरी कधी गाडीत, कधी रेल्वे स्थानकावर रात्र काढी. वेदना असह्य झाल्या की विजेचा झटका देणारे यंत्र स्वतःवर चालवून झोप आणण्याचा प्रयत्न करी. १९९७ मध्ये ओहायोतल्या कँटनच्या कीर्तिमंदिरात त्याचा गौरव झाला. त्या समारंभातले त्याचे भाषण भरकटत गेले. १९९९ मध्ये बनावट औषधचिठ्ठ्यांबद्दल त्याला अटकही झाली. ज्यांनी त्याला खेळताना पाहिले होते, त्यांना हा माणूस ओळखू येईना.

शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. या खेळाचे त्यांना वेड नव्हते, म्हणून वेबस्टरच्या कीर्तीचे दडपणही नव्हते. अखेरच्या दिवसांतल्या त्याच्या वागण्याबद्दल मात्र त्यांनी ऐकले होते. मेंदू बाहेरून नीटच दिसत होता. तरीही त्यांनी तो जतन केला आणि पदरमोड करून त्याचे पातळ काप तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती ‘टाउ’ नावाच्या प्रथिनाची गुंतागुंतीची जाळी. मुष्टियोद्ध्यांना ठोसे खाऊन मेंदूविकार जडतो, हे वैद्यकाला १९२८ पासून माहीत होते. तेच नुकसान आता फुटबॉलपटूच्या डोक्यात सापडले होते. शुद्ध हरपवणारा एखादाच मोठा आघात त्यासाठी लागत नाही. रोजच्या शेकडो लहान धडकाही पुरतात.

२००५ मध्ये ओमालूंचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या वैद्यकीय समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. गंमत अशी, की लीगच्याच निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्ये वेबस्टरचे अपंगत्व खेळामुळे आल्याचे मान्य केले होते. ते नेमके केव्हापासूनचे, या वादात त्याचे पैसे अडकले. त्याच्या वारसांना २००६ मध्ये अपील न्यायालयाने न्याय दिला. पुढे हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले. २०१३ मध्ये लीगने ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. पुढे ती मर्यादाही काढावी लागली. २०१६ मध्ये लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे खेळाचा आणि या विकाराचा संबंध मान्य केला.

या विकाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. जिवंतपणी वेबस्टरच्या विचित्र वागण्याला लोकांनी अनेक नावे दिली; आजाराचे नाव त्याला मेल्यावर मिळाले. मात्र त्या एका मेंदूमुळे मुलाला या खेळात घालण्यापूर्वी आज तिथले कितीतरी आईबाप दोनदा विचार करतात. आयुष्यभर इतरांच्या पुढे उभे राहून धडका झेलणाऱ्या माइकने मृत्यूनंतरही तेच काम केले.