हिराबाई बडोदेकर

आपल्या मंडळात भजनाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा पेटी पुढ्यात घेऊन चारचौघींत गायला मी फार लाजत असे. आळीतले लोक काय म्हणतील, हीच धास्ती! ही धास्ती बायकांच्या मनातून काढणाऱ्या हिराबाईंविषयी चार शब्द लिहिते.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीमखाँ. आई ताराबाई माने बडोद्याच्या. पुढे आईवडील विभक्त झाले आणि मुलांचा सांभाळ ताराबाईंनी केला. बंधू सुरेशबाबू व उस्ताद अब्दुल वहीदखाँ यांच्यापाशी हिराबाईंनी तालीम घेतली.

त्या काळी बाईचे गाणे म्हणजे कोठीवरचे किंवा धनिकाच्या दिवाणखान्यातले, अशी समजूत होती. हिराबाई मात्र जाहीर सभागृहात, तिकीट लावून, साध्या पोशाखात शांतपणे बसून गायल्या. असे करणाऱ्या स्त्रियांत त्या अगदी पहिल्या फळीच्या. मग घरंदाज बायकाही गाणे ऐकायला येऊ लागल्या. 'सौभद्र' नाटकात त्या सुभद्रा झाल्या. तबकड्यांतून त्यांचा गोड आवाज घरोघरी पोचला. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्याही त्यांनी तयार केल्या. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्या निवर्तल्या.

यंदा वर्धापनदिनी आम्ही बायका व्यासपीठावर बसून भजने म्हणणार आहोत. माझ्या सासूबाईंनी पुढच्या रांगेतली खुर्ची आधीच सांगून ठेवली आहे!