खर्जातला सूर : ताइजी सावादा

रॉक मैफलीत टाळ्या मिळतात त्या गायकाला आणि गिटारवादकाला. बेस गिटारची स्थिती आपल्याकडच्या तंबोऱ्यासारखी; ती थांबली की मगच तिचे असणे कळते. जपानच्या ‘एक्स’ या वाद्यवृंदातील ताइजी सावादा याने मात्र या दुर्लक्षित वाद्याला रंगमंचाच्या मध्यभागी आणून उभे केले.

ताइजीचा जन्म १२ जुलै १९६६ रोजी टोकियोलगतच्या चिबा प्रांतातील इचिकावा येथे झाला. आरंभी तो साधी गिटार वाजवीत असे, बेसकडे तो नंतर वळला. त्याच्या वादनाचे मर्म बहुधा यातच असावे. तालाला केवळ टेकू देणे त्याला पुरेसे वाटत नसे. मूळ चालीला समांतर अशी स्वतंत्र चाल तो खर्जात गुंफत जाई. अंगठ्याने तारेवर आघात करून ठसका काढण्याची अमेरिकी फंक संगीतातली रीत त्याने वेगवान हेवी मेटलमध्ये मोठ्या सफाईने आणली.

योशिकी आणि तोशी या बालमित्रांनी १९८२ मध्ये स्थापलेल्या ‘एक्स’मध्ये ताइजी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आला. रंगवलेले उभे केस, भडक रंगभूषा आणि त्याआड अतिवेगवान संगीत असा हा प्रकार होता. पुढे ‘व्हिज्युअल केई’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहाचे हे वाद्यवृंद अग्रणी ठरले. योशिकीने स्वतःच काढलेल्या कंपनीतर्फे १९८८ मध्ये ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ आला, तर १९८९ मध्ये सीबीएस सोनीने ‘ब्लू ब्लड’ काढला. लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जेलसी’च्या (१९९१) दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यातील ‘व्हॉइसलेस स्क्रीमिंग’ हे गीत ताइजीने स्वरबद्ध केले. एरवी कानठळ्या बसवणाऱ्या या मंडळींनी ते अकूस्टिक गिटारच्या साथीवर, जवळजवळ कुजबुजत सादर केले आहे. ताइजी केवळ दणदणाटाचा वादक नव्हता, हे ज्यांना पटवून घ्यायचे असेल त्यांनी हे एक गीत ऐकावे.

जानेवारी १९९२ मध्ये टोकियो डोम या भव्य बंदिस्त स्टेडियममध्ये ‘एक्स’चे सलग तीन रात्री कार्यक्रम झाले. ताइजीचे ते अखेरचे कार्यक्रम ठरले. यशाच्या ऐन शिखरावर तो बाहेर पडला. मिळकतीच्या वाटपातील तफावतीबद्दल जाब विचारल्याने आपल्याला जावे लागले, अशी आपली बाजू त्याने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मांडली. त्याच्या जागी हीथ आला आणि त्याच वर्षी वाद्यवृंदाचे नाव ‘एक्स जपान’ झाले.

ताइजी लगेच अकिरा ताकासाकीच्या ‘लाउडनेस’मध्ये दाखल झाला. तेथेही तो फार काळ टिकला नाही. मग ‘डी.टी.आर.’ हा स्वतःचा वाद्यवृंद त्याने उभारला; पण त्याचीही घडी विस्कटली. यानंतरचा काळ मन विषण्ण करणारा आहे. लाखो प्रती खपलेल्या संगीताचा हा मानकरी काही काळ बेघर होऊन रस्त्यावर राहिला. मे १९९८ मध्ये जुना सहकारी गिटारवादक हिदे अकाली गेला. त्याला निरोप द्यायला टोकियोतील त्सुकिजी होंगान-जी मंदिरापाशी हजारोंची गर्दी लोटली होती. अंत्यविधीला ताइजीही आला होता.

पुढे त्याने अनेक छोटे वाद्यवृंद काढले आणि मोडले. खुब्याचे दुखणे व अपस्माराचा विकार त्याला छळत होता, तरी हातातली बेस सुटली नाही. १४ व १५ ऑगस्ट २०१० रोजी योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये ‘एक्स जपान’ने त्याला मंचावर बोलावले. अठरा वर्षांनंतर जुन्या साथीदारांसोबत, हीथच्या बरोबरीने उभा राहून तो वाजवत होता. ज्याने आपली जागा घेतली त्याच्याच शेजारी उभे राहण्यातला मोकळेपणा चाहत्यांच्या कायम लक्षात राहिला. हीथही २०२३ मध्ये गेला.

त्या पुनर्भेटीला वर्षही झाले नव्हते. ११ जुलै २०११ रोजी जपानहून सायपान बेटाकडे जाणाऱ्या विमानात गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून ताइजीला अटक झाली. दुसऱ्याच दिवशी त्याला पंचेचाळीसावे वर्ष पूर्ण झाले. कोठडीत त्याने आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. चाहत्यांपैकी अनेकांच्या ते अखेरपर्यंत गळी उतरले नाही. बेशुद्धावस्थेत त्याला सायपानच्या रुग्णालयात हलवण्यात आले. १७ जुलै रोजी कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रणा काढून घेण्यात आली.