कागदावरचे अजिंक्यपद आणि नूट रॉकनी

इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी १९२६ च्या सुमारास झालेल्या एका भोजनाची कथा अमेरिकेच्या क्रीडाविश्वात अजूनही सांगितली जाते. पाहुणे दोघे होते. एक इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन आणि दुसरे शिकागोचे कपड्यांचे कारखानदार जॅक रिसमन. यजमान होते तेथील नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी. (नाव फ्रेंच, उच्चार मात्र खास अमेरिकन.) महाविद्यालयीन संघांना गणिताने क्रमांक देण्याची एक पद्धत प्राध्यापकांनी तयार केली होती आणि पहिल्या क्रमांकाच्या संघाला रिसमन करंडक देणार होते. रॉकनी यांनी पाहुण्यांना पोटभर जेवू घातले आणि एक साधी सूचना केली. हा करंडक दोन वर्षे मागे नेऊन १९२४ पासून का सुरू करू नये? १९२४ साली रॉकनी यांचा संघ एकही सामना हरला नव्हता. सूचना मान्य झाली आणि नोटर डेमच्या नावावर एक राष्ट्रीय अजिंक्यपद मागील तारखेने जमा झाले.

या गमतीमागे एक जुने दुखणे होते. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा अंगाशी भिडणारा खेळ. आठवड्याला एकाहून अधिक सामना खेळाडूंच्या शरीराला झेपत नाही. त्यामुळे त्या काळी मोसमात जेमतेम आठ-दहा सामने होत आणि संघ मात्र शंभरांहून अधिक. सर्वांनी सर्वांशी खेळावे अशी साखळी अशक्य, आणि बाद पद्धतीची स्पर्धा त्या काळी कोणी भरवतही नव्हते. शेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘कॉन्फरन्स’ नावाच्या प्रादेशिक संघटना स्थापल्या होत्या. आपापल्या कुंपणात त्या विजेता ठरवीत. पण एका कुंपणातील राजा दुसऱ्या कुंपणातील राजाहून बलवान की दुर्बळ, हे सांगणार कोण? वृत्तपत्रांतील क्रीडालेखक सांगत, आणि प्रत्येक जण वेगळे सांगे.

नोटर डेमला तर कुंपणच नव्हते. मध्यपश्चिमेतील बड्या विद्यापीठांची ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’, म्हणजेच नंतरची ‘बिग टेन’, १८९६ साली स्थापन झाली. तिचे दार या लहानशा कॅथलिक विद्यापीठाने अनेकदा ठोठावले, पण ते उघडले नाही. खेळाडूंच्या पात्रतेचे नियम तेथे सैल आहेत, हे दिलेले कारण होते आणि त्यात काही तथ्यही होते. कॅथलिकांविषयीची अढी हे न दिलेले कारण होते. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचा विरोध सर्वांत कडवा. पात्रतेच्याच वादातून १९१० मध्ये मिशिगनने नोटर डेमशी ठरलेला सामना आयत्या वेळी रद्द केला होता आणि त्यानंतर हे दोन संघ थेट १९४२ मध्ये भेटले. संघटनेत जागा नाही म्हणजे संघटनेचे विजेतेपद नाही. मिळवण्याजोगा मुकुट उरला तो एकच, सबंध देशाचा. आणि तो देणारी व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. रॉकनी यांच्या कारकिर्दीकडे या अंगाने पाहिले की ते भोजन केवळ चतुराई वाटत नाही.

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्होस या गावी झाला. वडील बग्ग्या बनवीत. १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि पाठोपाठ कुटुंबही आले. नूट यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटले. शिकागोच्या टपाल खात्यात सुमारे चार वर्षे कारकुनी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९१० मध्ये, इतरांच्या पदवीच्या वयात, नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. बावीस वर्षांचा, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेला हा ल्यूथरपंथी विद्यार्थी कॅथलिक वसतिगृहात प्रथम उपराच होता. विषय घेतला रसायनशास्त्राचा. पुढे ज्यांच्या संशोधनातून कृत्रिम रबराचा मार्ग खुला झाला, त्या फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. १९१४ मध्ये ते उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले. खेळाच्या मागे लागले नसते, तर ते रसायनशास्त्राचे उत्तम शिक्षक झाले असते, यात शंका नाही.

परंतु त्याआधीचा एक दिवस निर्णायक ठरला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमचा संघ वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीशी खेळला. चेंडू हवेतून पुढे फेकण्यास १९०६ पासून परवानगी होती, पण बहुतेक संघ त्या फेकीकडे अडीअडचणीचा उपाय म्हणूनच पाहत. रॉकनी आणि त्यांचा मित्र गस डोराइस यांनी मात्र उन्हाळ्यात ओहायोतील सीडर पॉइंटच्या सरोवरकाठी नोकरी करता करता फेकीचा आणि धावत झेल घेण्याचा कसून सराव केला होता. लष्कराचे धिप्पाड गडी मधली फळी दाबत राहिले आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जात राहिला. ३५-१३ असा निकाल लागला. फेकीचा शोध या दोघांनी लावला, ही समजूत चुकीची आहे, पण तिचे सामर्थ्य पूर्वेकडील पत्रकारांच्या डोळ्यांत भरले ते त्या दिवशी.

१९१८ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. तेरा मोसमांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ सामने बरोबरीत, हा त्यांचा हिशेब. त्यांपैकी पाच मोसम निर्भेळ यशाचे. मागच्या फळीतील गडी चेंडू सुटण्यापूर्वी एका लयीत जागा बदलत. ही त्यांची चाल इतकी प्रभावी ठरली की नियमकर्त्यांनी हालचालीनंतर क्षणभर थांबण्याची सक्ती केली. कोणत्याही संघटनेत नसल्याने शेजारी खेळेनात, तेव्हा रॉकनी यांनी संघाला आगगाडीत बसवून देशभर फिरवले. न्यूयॉर्कमध्ये लष्कराशी सामने झाले आणि १९२६ पासून लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी. दोन दिशांना दोन महासागरांपर्यंत जाणारा हा संघ, ज्यांनी विद्यापीठाची पायरीही चढली नव्हती अशा आयरिश, पोलिश, इटालियन स्थलांतरित कामगारांचा लाडका झाला. ज्या दाराने त्यांना बाहेर ठेवले, त्याच दाराने त्यांना देश मिळवून दिला.

१९२४ च्या संघातील मागच्या फळीतील चौघांना क्रीडालेखक ग्रँटलंड राइस यांनी बायबलमधील चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि ते अजरामर झाले. १ जानेवारी १९२५ रोजी रोझ बाउलमध्ये याच संघाने स्टॅनफर्डला २७-१० असे हरवून दहाच्या दहा सामने जिंकले. यापुढे अजिंक्यपदाला आणखी कोणता पुरावा हवा? तरीही कागदोपत्री तो संघ काहीच नव्हता.

डिकिन्सन यांचे गणित सोपे होते. संघांचे सबळ आणि दुर्बळ असे दोन वर्ग. सबळ संघावरील विजयास ३० गुण, दुर्बळावरील विजयास २०. पराभवालाही गुण असत, सबळाकडून हरल्यास १५ आणि दुर्बळाकडून हरल्यास १०. एकूण गुणांना सामन्यांच्या संख्येने भागायचे. पुढे त्यांनी प्रदेशाप्रदेशांतील बळाचा फरक मोजण्याचीही सोय केली. एका भागातील संघटना दुसऱ्या भागातील संघटनेपेक्षा किती वरचढ, हे आकड्यांत मांडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न. प्राध्यापक स्वतः मध्यपश्चिमेचे, तेव्हा त्या भागाला झुकते माप मिळते, अशी ओरड झाली नसती तरच नवल.

ही पद्धत १९४० पर्यंत चालली. दरम्यान १९३६ मध्ये असोसिएटेड प्रेसने पत्रकारांच्या मतांवर आधारित क्रमवारी सुरू केली, १९५० मध्ये प्रशिक्षकांची आली, १९९८ मध्ये मते आणि संगणक यांची सांगड घातली गेली. चार संघांची बाद फेरी उजाडायला २०१४ चा मोसम यावा लागला. २०२४ मध्ये बारा संघ झाले, पण पहिल्या फेरीतून सूट मिळाली ती फक्त संघटनांच्या चार विजेत्यांना. संघटनेबाहेरच्या नोटर डेमला ती मिळणे शक्यच नव्हते. तरी तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ओहायो स्टेटकडून हरला. पुढच्या मोसमात दहा विजय आणि दोन निसटते पराभव असूनही निवड समितीने त्याला बाराच्या बाहेर ठेवले. प्राध्यापकांच्या कागदाची जागा समितीच्या खोलीने घेतली, इतकाच फरक.

आता पुन्हा १९२६ कडे. करंडक मागील तारखेने मिळवणाऱ्या रॉकनी यांना त्याच वर्षी मैदानाने धडा दिला. आठही सामने जिंकलेल्या संघाची गाठ २७ नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये कार्नेगी टेक या सामान्य गणल्या जाणाऱ्या संघाशी होती. रॉकनी यांनी सूत्रे साहाय्यक हंक अँडरसन यांच्याकडे सोपवली आणि स्वतः लष्कर विरुद्ध नौदल हा सामना पाहण्यासाठी शिकागो गाठले. वृत्तपत्रांसाठी लिहिणे हाही त्यांचा जोडधंदा होताच. इकडे नोटर डेम १९-० असे हरले आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद गेले. प्रतिस्पर्ध्याला न पाहताच त्याची किंमत ठरवण्याची चूक क्रमवारी करणारे नेहमीच करतात, त्या दिवशी ती रॉकनी यांनी केली.

१९२९ मध्ये नवे मैदान बांधले जात असल्याने सर्व सामने बाहेर खेळावे लागले. रॉकनी यांच्या पायातील रक्तवाहिनीला सूज होती आणि डॉक्टरांचा सल्ला झुगारून ते चाकांच्या खुर्चीतून मैदानाच्या कडेला येत. नऊपैकी नऊ सामने जिंकले. १९३० मध्ये दहापैकी दहा, शेवटचा दक्षिण कॅलिफोर्नियाविरुद्ध २७-०. डिकिन्सन यांनी दोन्ही वर्षी नोटर डेमला पहिला क्रमांक दिला आणि तिसऱ्यांदा मिळालेला रिसमन करंडक विद्यापीठाकडे कायमचा राहिला. या वेळी कोणाला जेवायला बोलवावे लागले नाही.

३१ मार्च १९३१ रोजी एका चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला निघालेले रॉकनी यांचे विमान कॅन्ससमधील बझार गावाजवळच्या कुरणात कोसळले. आठही जण ठार झाले. ओलाव्याने कमकुवत झालेला लाकडी पंख हवेतच तुटला होता. या अपघाताने उसळलेल्या लोकक्षोभामुळे अमेरिकेत विमानांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. रॉकनी ४३ वर्षांचे होते.

रिसमन करंडकाच्या जागी नवा करंडक आला आणि त्याला रॉकनी यांचेच नाव देण्यात आले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला दक्षिण कॅलिफोर्नियाचा संघ साउथ बेंडला आला. आता अँडरसन प्रशिक्षक असलेले नोटर डेम सलग २६ सामने अपराजित होते आणि शेवटच्या सत्राच्या प्रारंभी १४-० असे पुढे होते. पाहुण्यांनी तो सामना अखेरच्या मिनिटात १६-१४ असा जिंकला. मोसमाचा पहिलाच सामना ते हरले होते, तरी डिकिन्सन यांच्या गणितात तेच अव्वल आले आणि पहिला रॉकनी करंडक त्यांच्याकडे गेला. घरी परतण्यापूर्वी त्या विजयी संघाने हायलँड दफनभूमीत जाऊन रॉकनी यांच्या समाधीचे दर्शन घेतले.