देवीला हरवणारा माणूस

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात डॉक्टरवर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण एडवर्ड जेन्नर मला आपल्यातलाच वाटतो. ऐकीव गोष्ट तपासायची, रीडिंग्ज घ्यायची आणि मगच बोलायचं, ही त्याची रीत होती.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये स्मॉलपॉक्स हा शब्द स्पेलिंगसकट पाठ करून घेतला होता. माझी आजी त्याला देवी म्हणते. तिच्या दंडावर लस टोचल्याचा वण आहे, माझ्या दंडावर नाही. कारण मला त्या लसीची गरजच पडली नाही!

जेन्नरचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधल्या बर्कली गावी, एका पाद्र्याच्या घरी झाला. तो पाच वर्षांचा असतानाच आई-वडील गेले. पुढे त्यालाही देवी टोचल्या गेल्या, पण जुन्या पद्धतीने. म्हणजे देवी आलेल्या रोग्याच्या फोडातला द्रव घेऊन निरोगी माणसाला टोचायचा. देवी आलेल्या शंभरातले वीस-तीस दगावत, तर असं टोचून घेणाऱ्या शंभरातले एक-दोन. शिवाय टोचलेल्या माणसाकडून इतरांना खरी देवी येण्याची भीती असायचीच.

लंडनमध्ये जॉन हंटर या नामांकित सर्जनच्या हाताखाली शिकून तो गावी परतला आणि प्रॅक्टिस करू लागला. कोकिळेचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू दुसऱ्या पक्ष्याची अंडी घरट्याबाहेर कशी ढकलतं, हे त्यानं बारकाईनं पाहून लिहिलं. १७८९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला तो या अभ्यासामुळे.

गाईच्या सडांवर फोड येतात, तो रोग म्हणजे गोस्तनदेवी. धार काढणाऱ्यांना तो झाला की पुढे देवी येत नाही, असं त्या भागातले शेतकरी म्हणायचे. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच बायकोमुलांना गोस्तनदेवी टोचली होती. म्हणजे कल्पना जेन्नरची नव्हती. त्याचं काम होतं ते सिद्ध करण्याचं.

१४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. जेम्स त्याच्या माळ्याचा मुलगा. त्याला थोडा ताप आला आणि उतरला. १ जुलैला जेन्नरने त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. काहीही झालं नाही!

इथे मी थोडी थांबते. त्या काळी देवी टोचणं नेहमीचंच होतं, हे खरं. पण आठ वर्षांच्या पोराला कुणी विचारलं होतं का? आज असा प्रयोग कोणतीही समिती मंजूर करणार नाही. म्हणून जेन्नरच्या नावाबरोबर जेम्सचंही नाव घ्यायला हवं असं मला वाटतं. जेन्नरने पुढे त्याला राहायला घर दिलं.

रॉयल सोसायटीने त्याचा हा निबंध नाकारला. त्याने आणखी केसेस जमवल्या आणि १७९८ मध्ये २३ केसेसचं पुस्तक स्वतःच छापलं. लोकांनी टिंगल केली. टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई उगवताहेत, असं व्यंगचित्रही १८०२ मध्ये निघालं. त्याने मात्र पद्धत गुप्त ठेवली नाही. बागेतल्या झोपडीत तो गरिबांना फुकट लस टोचायचा.

लस पाठवणं हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न होता. फ्रिज नाही, बर्फ नाही. लस दोऱ्यावर वाळवून पाठवत, नाहीतर एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी साखळी चालू ठेवत. अशीच ती बगदाद, बसरामार्गे मुंबईत आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ती भारतातली पहिली लस.

लसीचं संरक्षण जन्मभर टिकतं, असं जेन्नरला वाटायचं. ते तसं नाही, पुन्हा टोचावं लागतं, हे नंतर कळलं. विषाणू म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नव्हतं. २६ जानेवारी १८२३ रोजी तो वारला. देवीचा शेवटचा नैसर्गिक रोगी १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

मित्रांनो, शेतकऱ्यांची गोष्ट अडाणी म्हणून सोडून देणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते. जेन्नरने ती हसण्यावारी नेली नाही, आणि तपासल्याशिवाय मानलीही नाही. आपल्या वर्कशॉपमधल्या मामांचं बोलणंसुद्धा आपण असंच ऐकायला शिकलो, तर डिग्रीचा खरा उपयोग झाला म्हणायचा!